इल्या मेचनिकॉव्ह : अळीच्या आजारातून प्रतिकारशक्तीकडे



रक्ताचा पाठ शिकवताना आपण सगळेच एक वाक्य हमखास सांगतो, की पांढऱ्या पेशी हे आपल्या शरीराचे सैनिक आहेत. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळतात आणि विषय तिथेच संपतो. माझ्या वर्गातही तो असाच संपायचा. पण आमची शाळा उसाच्या पट्ट्यातली. मागच्या वर्षी याच पाठाला एका मुलाने हात वर केला. त्याच्या वडिलांनी उसातल्या हुमणीसाठी मेटारायझियम नावाच्या बुरशीची पावडर शेणखतात मिसळून शेतात टाकली होती. आठवडा झाला तरी अळ्या जिवंतच होत्या. त्याला विचारायचं होतं, की हुमणीच्या अंगातही असे सैनिक असतात का? आणि तेच त्या बुरशीला मारून टाकतात का?

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगते म्हणाले आणि घरी येऊन वाचायला बसले. वाचता वाचता लक्षात आलं, की ही बुरशी पहिल्यांदा ओळखणारा माणूस आणि पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे जगाला पटवून देणारा माणूस एकच आहे! त्यांचं नाव इल्या मेचनिकॉव्ह. आज त्यांचीच जीवनकथा आपण पाहणार आहोत. वर्गात सांगायला आणि घरी मुलांशी बोलायला तुम्हाला ती नक्की उपयोगी पडेल.

पैसे देऊन श्रोते जमवणारा मुलगा

मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ साली खारकीव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. तेव्हा हा भाग रशियन साम्राज्यात होता, आज तो युक्रेनमध्ये आहे. वडील लष्करी अधिकारी होते. पाच भावंडांत इल्या धाकटा. एका जागी न बसणारा, सारखा चुळबुळ करणारा असा हा मुलगा होता. मोठ्या भावाला शिकवायला घरी एक विद्यार्थी येत असे. त्याच्याबरोबर रानात हिंडताना इल्याला झाडंझुडपं, किडेमुंग्या यांचं वेड लागलं. हे वेड इतकं होतं, की आठ-नऊ वर्षांचा इल्या भावंडांना आणि आजूबाजूच्या मुलांना जमवून वनस्पतींवर व्याख्यान द्यायचा. मुलं कंटाळून पळून जाऊ नयेत म्हणून तो त्यांना आपल्या खाऊचे पैसे वाटायचा. आपल्या वर्गातल्या चुळबुळ्या मुलांकडे पाहताना हा प्रसंग मला आता नेहमी आठवतो.

खारकीव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पूर्ण केला. पदवी मिळाली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. पुढे जर्मनी आणि इटलीत त्यांनी पाठीचा कणा नसलेल्या लहान प्राण्यांचा अभ्यास केला. तिथे एका चपट्या कृमीच्या शरीरात त्यांना एक गोष्ट दिसली. त्याच्या पेशी अन्नाचे कण सरळ आपल्या पोटात घेऊन पचवत होत्या. तेव्हा ती केवळ पचनाविषयीची नोंद होती. तिचा खरा उपयोग होणार होता सतरा-अठरा वर्षांनी.

दुःखाची वर्षं

परत आल्यावर काळ्या समुद्राच्या काठावरच्या ओडेसा शहरातील विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकवू लागले. १८६९ साली ल्युडमिला यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांना क्षयरोग होता. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये चालत जाण्याइतकीही ताकद त्यांच्या अंगात नव्हती, त्यांना खुर्चीत बसवून नेलं. चार वर्षं मेचनिकॉव्ह त्यांना घेऊन उबदार हवेच्या गावांमागे फिरत राहिले. पण १८७३ मध्ये मदेरा बेटावर ल्युडमिला गेल्या. मेचनिकॉव्ह यांची स्वतःची दृष्टीही तेव्हा अधू झाली होती, सूक्ष्मदर्शकात पाहणं कठीण झालं होतं. सगळं संपल्यासारखं वाटून त्यांनी आपलं आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले.

त्या दिवसांतली एक हकिकत त्यांच्या चरित्रात येते. जिनेव्हामध्ये एका संध्याकाळी दिव्याभोवती किड्यांचा थवा घिरट्या घालताना त्यांना दिसला. जेमतेम काही तास जगणाऱ्या या किड्यांना निसर्गाची निवड कशी लागू होत असेल, असा प्रश्न त्यांच्या मनात आला, आणि त्या प्रश्नाने त्यांना पुन्हा कामाकडे ओढून नेलं. पालकहो, हा भाग लहान मुलांना सांगायचा की नाही हे तुम्ही ठरवा. मोठ्या वर्गात मात्र मी तो सांगते. सोबत हेही सांगते, की मनावर असं ओझं आलं तर ते एकट्याने वाहायचं नसतं, घरातल्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसाशी बोलायचं असतं.

शेतातली हिरवी बुरशी

आता येते आपल्या हुमणीच्या नात्यातली गोष्ट. १८७८-७९ च्या सुमारास ओडेसाच्या आसपासच्या गव्हावर एका भुंगेऱ्याने धुमाकूळ घातला होता. हा भुंगेरा आपल्या हुमणीच्याच कुळातला. प्रौढ भुंगेरे कणसातले दाणे खातात आणि त्यांच्या अळ्या जमिनीत राहून मुळं कुरतडतात. यावर उपाय शोधण्याच्या कामात मेचनिकॉव्ह यांनी लक्ष घातलं.

रासायनिक विष शोधण्याऐवजी त्यांनी वेगळा विचार केला. माणसाला रोग होतात तसे किड्यांनाही होत असणार, मग किडीचा रोगच किडीवर सोडला तर? या विचाराला आधार होता. १८३५ मध्ये इटलीतले आगोस्तिनो बास्सी यांनी दाखवून दिलं होतं, की रेशीमकिड्यांना पांढरं पीठ फासल्यासारखं करून मारणारा रोग एका बुरशीमुळे होतो. आज शेतीत वापरली जाणारी बिव्हेरिया बॅसियाना ही तीच बुरशी, तिच्या नावात बास्सींचं नाव आहे. तर मेचनिकॉव्ह मेलेल्या अळ्या गोळा करून तपासू लागले. काही अळ्यांवर हिरवट भुकटीचा थर होता. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू होते. १८७९ मध्ये त्यांनी या बुरशीचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज आपण तिला मेटारायझियम म्हणतो.

बुरशी अळीवरच वाढवायची तर पुरेशी मिळणार नाही, म्हणून बिअर बनवताना वापरतात तसल्या धान्याच्या लगद्यावर ती वाढवण्याचा प्रयोगही त्यांनी केला. पुढे १८८४ मध्ये क्रासिलश्चिक नावाच्या संशोधकाने युक्रेनमधल्या स्मेला इथे या बुरशीचे बीजाणू तयार करण्याचा छोटा कारखानाच काढला आणि साखरबीटावरच्या सोंड्या किडीवर ते वापरून पाहिले. आपल्या गावातल्या कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या त्या पुडीची सुरुवात इथे आहे.

गुलाबाचा काटा

१८८१ मध्ये रशियाच्या झारची हत्या झाली. विद्यापीठातलं वातावरण बिघडलं. त्याच सुमारास मेचनिकॉव्ह पुन्हा मोठ्या निराशेतून गेले. वारंवार उलटणाऱ्या तापाचा जंतू रक्तातून पसरतो का हे पाहण्यासाठी त्यांनी रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं आणि ते मरता मरता वाचले. १८८२ मध्ये त्यांनी विद्यापीठाचा राजीनामा दिला आणि दुसरी पत्नी ओल्गा व तिच्या धाकट्या भावंडांसह ते सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहायला गेले.

एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली. मेचनिकॉव्ह एकटेच घरी सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. समोर तारामाशाची बारीक, काचेसारखी पारदर्शक अळी होती. तिच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे सरकताना दिसत होत्या. त्यांना ती जुनी चपटी कृमी आठवली असेल का? पेशी अन्न गिळू शकतात, तर बाहेरून घुसलेल्या शत्रूलाही गिळू शकतील, असं त्यांना वाटलं. हे खरं असेल तर अळीत काटा टोचल्यावर या पेशी त्याच्याभोवती गोळा व्हायला हव्यात. आपल्या पायात काटा मोडला की त्याच्याभोवती पू होतो, तसंच. ते बागेत गेले, गुलाबाचे काटे आणले, अळ्यांमध्ये खुपसले आणि रात्रभर वाट पाहिली. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला!

अशा पेशींना पुढे फॅगोसाइट, म्हणजे गिळणाऱ्या पेशी, हे नाव मिळालं. मराठीत आपण त्यांना भक्षक पेशी म्हणतो.

पाणपिसूच्या पोटातली लढाई

पण काटा हा काही रोग नव्हे. खऱ्या रोगातही असंच घडतं हे दाखवायला हवं होतं. त्यासाठी मेचनिकॉव्ह यांनी निवडली डबक्यातली पाणपिसू. ती कीटक नाही, खेकडा-कोळंबीच्या गटातली आहे. पण तीही पारदर्शक, त्यामुळे जिवंतपणी तिच्या आत काय चाललंय ते दिसतं. तिला यीस्ट प्रकारच्या एका बुरशीचा रोग होतो. या बुरशीचे बीजाणू सुईसारखे टोकदार असतात. पाणपिसू ते खाण्याबरोबर गिळते, ते आतड्याची भिंत भोसकून अंगात शिरतात.

मग काय होतं ते मेचनिकॉव्ह यांनी डोळ्यांनी पाहिलं. भक्षक पेशी सुईला चिकटतात, एकीपेक्षा जास्त असल्या तर मिळून तिला वेढतात आणि हळूहळू विरघळवून टाकतात. असं झालं तर पाणपिसू वाचते. पण एखादा बीजाणू निसटला, त्याला अंकुर फुटला आणि बुरशी भराभर वाढू लागली, तर पेशी कमी पडतात आणि पाणपिसू मरते. १८८४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आजार हा एकतर्फी हल्ला नाही, त्यात शरीरही झुंजत असतं, हे इथे प्रत्यक्ष दिसलं. आपल्या पाठातल्या त्या सैनिकांचा जन्म या पाणपिसूच्या पोटातला आहे, असं म्हटलं तरी चालेल.

मग हुमणीचं काय?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. मेचनिकॉव्ह यांच्या नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत शास्त्रज्ञांनी कीटकांवर खूप काम केलं. त्यावरून उत्तर असं, की होय, अळीच्या अंगातही सैनिक असतात. वर्गात मी ते टप्प्याटप्प्याने सांगितलं.

१. बुरशीचा बीजाणू अळीच्या त्वचेला चिकटतो. ओल असेल तर त्याला अंकुर फुटतो. हा अंकुर त्वचा विरघळवणारे पाचक पदार्थ सोडतो आणि दाबही देतो. म्हणजे बुरशी तोंडातून खाल्ली जावी लागत नाही, ती कातडीतूनच आत घुसते.

२. अळीची पहिली तटबंदी ही त्वचाच. तिच्यावर जखम झाली की तिथे मेलॅनिन नावाचं काळं द्रव्य तयार होतं आणि घुसखोराला कोंडायचा प्रयत्न होतो. आजारी अळीच्या अंगावर कधी काळे ठिपके दिसतात ते याचमुळे.

३. बुरशी आत पोचलीच, तर रक्तातल्या पेशी तिचे तुकडे गिळतात. तुकडे जास्त असतील तर अनेक पेशी एकत्र येऊन त्यांच्याभोवती गाठ बांधतात.

४. अळीच्या शरीरातून बुरशीनाशक प्रथिनं रक्तात सोडली जातात. काही टोळ तर बुरशीची लागण झाली की उन्हात जास्त वेळ बसून अंग तापवतात. आपल्याला येतो तसा ताप ते उन्हाकडून घेतात!

मग बुरशी जिंकते कशी? तीही कमी नाही. रक्तात गेल्यावर मेटारायझियम आपल्या पेशींवर एक प्रथिनाचं आवरण चढवते. त्यामुळे सैनिकांना ती परकी म्हणून ओळखूच येत नाही. शिवाय ती अशी विषं सोडते, की अळीचा प्रतिकार दुबळा होतो. ही सगळी झुंज चालायला दिवस लागतात. म्हणून बुरशीचं औषध रासायनिक विषासारखं लगेच काम करत नाही. लहान अळ्यांवर ते लवकर चालतं, मोठ्यांवर उशिरा, आणि जमिनीत ओल लागतेच. बुरशी टाकल्यावर लगोलग बुरशीनाशक वापरलं तर आपणच तिला मारतो. त्या मुलाने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि घरी वडिलांना वाचून दाखवलं. शेतकरी पालकांना पाठ्यपुस्तकातलं ज्ञान असं परत जाताना पाहणं, यासारखा आनंद नाही.

विरोध आणि नोबेल

मेचनिकॉव्ह यांचं म्हणणं सगळ्यांनी लगेच मान्य केलं नाही. १८८६ मध्ये ओडेसात लसीकरणाचं केंद्र निघालं, त्याचे ते प्रमुख झाले. पण ते रजेवर असताना मेंढ्यांना दिलेल्या लसीत चूक झाली आणि हजारो मेंढ्या दगावल्या. टीका इतकी झाली, की त्यांनी देश सोडायचं ठरवलं. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांना त्यांनी आपलं काम दाखवलं, तिथे थंड स्वागत झालं. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी मात्र त्यांना आपल्या संस्थेत जागा दिली. १८८८ पासून शेवटपर्यंत ते तिथेच राहिले.

जर्मन शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं, की रोगापासून वाचवतात ते रक्तातले विरघळलेले पदार्थ, पेशी नव्हेत. १८९० मध्ये घटसर्प आणि धनुर्वातावर रक्तातले प्रतिविष सापडलं तेव्हा तर तीच बाजू बरोबर वाटू लागली. हा वाद वीस-पंचवीस वर्षं चालला. शेवटी १९०८ सालचं नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तातल्या पदार्थांवर काम करणारे पॉल एर्लिख या दोघांना मिळून दिलं गेलं. दोघांचंही बरोबर होतं. वर दिलेल्या हुमणीच्या टप्प्यांत बघा, पेशीही आहेत आणि रक्तातली प्रथिनंही आहेत.

उतारवयात त्यांनी आंबवलेल्या दुधाचा ध्यास घेतला. दह्यातले जीवाणू म्हातारपण लांबवतात, असं ते सांगत. स्वतः रोज आंबट दूध पीत. दही पचनाला चांगलं हे खरं, पण आयुष्य वाढतं हा त्यांचा दावा पुराव्याच्या पुढे गेलेला होता. थोर माणसाचंही प्रत्येक म्हणणं तपासून घ्यावं लागतं, हे मुलांना दाखवायला हे उदाहरण चांगलं आहे. १९१६ साली पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.

आपलं नातं

ओडेसाच्या विद्यापीठात मेचनिकॉव्ह यांचा एक विद्यार्थी होता, वाल्देमार हाफकिन. ज्यू असल्यामुळे त्याला तिथे पुढे वाव नव्हता. गुरूच्या मदतीने तो पाश्चर संस्थेत आला, तेही आधी ग्रंथालयातल्या साध्या नोकरीवर. त्याच हाफकिन यांनी मुंबईत प्लेगने थैमान घातलं तेव्हा इथे येऊन लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. म्हणजे गव्हाच्या भुंगेऱ्याची अळी तपासणाऱ्या गुरूचा शिष्य मुंबईकरांचे जीव वाचवायला आला होता.

आणि पुढची गोष्ट अलीकडची. १९९६ मध्ये फ्रान्समधील ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने दाखवलं, की फळमाशीतलं एक विशिष्ट जनुक बिघडलं तर ती बुरशीपुढे टिकत नाही, तिच्या अंगावर बुरशी उगवते. तशाच प्रकारची जनुकं माणसातही रोगजंतू ओळखायचं काम करतात, हे पुढे कळलं. २०११ च्या नोबेलमध्ये हॉफमन यांचा वाटा होता. किड्याकडे पाहून माणूस समजून घ्यायची मेचनिकॉव्ह यांची वाट अजून चालूच आहे.

वर्गात आणि घरी करता येण्यासारखं

• डबक्यातलं पाणी काचेच्या पेल्यात घ्या आणि उजेडात भिंगाने बघा. उड्या मारल्यासारखे पोहणारे बारीक ठिपके म्हणजे पाणपिसू असू शकतात. मुलांना चित्र काढायला सांगा. पाहून झाल्यावर हात साबणाने धुवा.

• शेतात मेलेली अळी दिसली तर तिचा रंग, अंगावरची भुकटी, काळे ठिपके यांची नोंद करायला सांगा. हिरवट भुकटी कशाची, पांढरी कशाची, यावर चर्चा करा. अळीला हात लावायचा नाही, काडी वापरायची.

• मुलांना विचारा : पेशी आणि रक्तातली प्रथिनं, यांपैकी एकच असतं तर काय झालं असतं?

शिक्षक मित्रांनो, पांढऱ्या पेशी सैनिक आहेत हे वाक्य पुढच्या वेळी फळ्यावर लिहाल, तेव्हा त्याच्या शेजारी एक गव्हाचा भुंगेरा, एक गुलाबाचा काटा आणि एक पाणपिसू जरूर काढा. आणि एखाद्या मुलाने तुम्हाला उत्तर येत नसलेला प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नका. उद्या सांगते म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगा.